भाऊ गेले. ग्रुपवर एकाने लिहिलं 'सुटलो'. मी त्यांना काढून टाकलं. चुकलो का?

गोदाकाठचा | रविवार, रात्री १०.१५

नमस्कार मंडळी. एरवी मी वाचनमात्र असतो, पण आज राहवेना.

आमच्या भागातले एक माजी नगरसेवक परवा गेले. नाव लिहीत नाही, तुम्हीही लिहू नका. नाशिकचे असाल तर ओळखाल, ओळखलंत तरी मनात ठेवा. सगळे त्यांना भाऊ म्हणायचे. काही प्रेमाने, काही भीतीने. ऐकणाऱ्याला फरक कळायचा नाही.

मी आमच्या सोसायटीच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपचा अ‍ॅडमिन. काम काय, तर टँकर कधी येणार आणि गच्चीचं दार कोणी उघडं टाकलं. परवा दुपारी बातमी आली आणि दहा मिनिटांत १९ 'भावपूर्ण श्रद्धांजली' पडल्या. विसावा मेसेज दुसऱ्या मजल्यावरच्या काकांचा. एकच शब्द: 'सुटलो.'

मिनिटभर ग्रुप एकदम चिडीचूप. मग एकाने विचारलं, "कोण सुटलं?" काकांचं उत्तर नाही. आमच्यातला एक मुलगा भाऊंच्या मंडळात आहे. त्याने स्क्रीनशॉट कुठे पाठवला ते त्यालाच माहीत, पण संध्याकाळी दोन पोरं गेटवर येऊन वॉचमनला काकांचा फ्लॅट नंबर विचारून गेली. वर गेली नाहीत. नुसती विचारून गेली.

मी घाबरलो आणि काकांना ग्रुपमधून काढलं, त्यांना न विचारता. त्यावर तिघांनी अंगठा टाकला. (पूर्वी अंगठा दाखवला तर भांडण व्हायचं.)

काका ७१ वर्षांचे, एकटे राहतात. कालपासून जिन्यात भेटले नाहीत. गेलेल्या माणसाबद्दल वाईट बोलू नये हे मान्य. पण त्या माणसाने ज्याचं वाईट केलं त्याने किती दिवस गप्प बसायचं? दहा? तेरा? का वर्षश्राद्ध होईपर्यंत?

तर्रीबाज | रविवार, रात्री १०.३१

धागा शंभरी गाठणार. मिसळ मागवून बसतो. जादा पाव.

सरळरेषा | रविवार, रात्री १०.५०

बरोबर केलंत. प्रेत घरात असताना असले शब्द? मरणान्तानि वैराणि, वैर मरणाबरोबर संपतं. रामाने रावणाबद्दल सांगितलंय हे, आणि आपण रामाच्या पंचवटीत राहतो. तुमच्या काकांना एवढंही कळू नये?

अबोली | रविवार, रात्री ११.०५

काकांना एकटं का सोडलंत दोन दिवस? बाकीची चर्चा होईल सावकाश. आधी वर जाऊन बेल वाजवा.

निफाडचा_थंडगार | रविवार, रात्री ११.२८

मला १७ नोव्हेंबर २०१२ आठवला. शनिवार. भाऊबीज दोनच दिवसांपूर्वी झाली होती, बहिणीकडून परत निघालो होतो. सीबीएस बसस्टँडवर फराळाच्या पिशव्या घेऊन ही गर्दी. दुपारी साडेतीनच्या सुमारास बाळासाहेब ठाकरे गेले आणि बातमी आल्यावर बघता बघता शटरं खाली. चहाची टपरीसुद्धा. कोणी बंद करा म्हणत फिरत होतं का? माझ्यासमोर तरी नाही. गरजच नव्हती.

आमच्या घरात एक काका सेनेचा आणि दुसरा मनसेचा. त्या वर्षी महापालिकेत मनसे आली होती आणि दोघं एकमेकांशी बोलत नव्हते. त्या संध्याकाळी दोघं एका सतरंजीवर बसून रडले. थोरल्याला ऐंशीच्या दशकात बँकेत नोकरी लागली ती स्थानीय लोकाधिकार समितीच्या रेट्याने. तो म्हणायचा, माझ्या चुलीला त्या माणसाने लाकडं घातली. आता त्याला जाऊन 'बंदमुळे लोकांचे हाल झाले' असं कोण सांगणार? मी नाही सांगितलं. पण पिशव्या घेऊन द्वारका चौकापर्यंत चालत गेलो, तेव्हा मनात शिव्याच होत्या. दोन्ही खरं.

येवलेकर | रविवार, रात्री ११.५२

निफाडकर, तुमच्या काकाची चूल मान्य. आता आमची ऐका.

माझे वडील नामांतरवाले. मराठवाडा विद्यापीठाला बाबासाहेबांचं नाव द्यायला ज्यांनी कडाडून विरोध केला, त्यात शिवसेना पुढे होती. १४ जानेवारी १९९४ ला नामविस्तार झाला. मधल्या वर्षांत वस्त्या जळल्या, माणसं गेली. १७ नोव्हेंबरला वडिलांनी टीव्ही बंद केला. पेढे वाटले नाहीत, श्रद्धांजलीही म्हटली नाही. जेवले आणि झोपले. दुसऱ्या दिवशी शिवाजी पार्कावर शासकीय इतमामात अंत्यसंस्कार चालू होते. ज्या माणसाने कधी सरकारी पद घेतलं नाही त्याला मानवंदना, आणि ती देणारं सरकार काँग्रेस-राष्ट्रवादीचं. वडील एवढंच म्हणाले, "आपल्यात कोणी तोफा मोजत नाही."

टीव्ही बंद करणाऱ्याला संस्कृती शिकवू नका, एवढंच.

सरळरेषा | सोमवार, सकाळी ७.१०

टीव्ही बंद करणं वेगळं, चारचौघांत 'सुटलो' लिहिणं वेगळं. तुमचे वडील सभ्य होते म्हणून गप्प बसले. मीही तेच म्हणतोय.

येवलेकर | सोमवार, सकाळी ७.२४

सभ्य होते म्हणून नाही हो. पोरांच्या शाळा होत्या म्हणून.

नाशिकरोडचा_वकील | सोमवार, सकाळी ९.०२

त्याच आठवड्यात पालघरला काय झालं ते इथे कोणालाच आठवत नाही का? २१ वर्षांच्या एका मुलीने फेसबुकवर लिहिलं, की माणसं रोज मरतात, जग चालू राहतं, आणि मुंबई बंद आहे ती आदराने नाही तर भीतीने. मैत्रिणीने ते लाइक केलं. दोघींना अटक. मुलीच्या काकांच्या दवाखान्याची तोडफोड. पालघर तेव्हा ठाणे जिल्ह्यात होतं. नंतर पोलीस अधिकारी निलंबित झाले, केस बंद झाली. माहिती तंत्रज्ञान कायद्याचं कलम ६६अ त्यानंतर कोर्टात गेलं आणि सुप्रीम कोर्टाने २४ मार्च २०१५ रोजी रद्द केलं.

त्यामुळे धागाकर्त्यांचे काका कायद्याने सुरक्षित आहेत. गेटवरच्या दोन पोरांनी निकाल वाचला आहे का, हे मात्र बघावं लागेल.

आणि १९९२-९३ च्या मुंबई दंगलींवरच्या श्रीकृष्ण आयोगाच्या अहवालात जे लिहिलंय ते कोणाच्या जाण्याने खोडलं जात नाही. २००० साली बाळासाहेबांना अटक झाली ती भुजबळ गृहमंत्री असताना. भुजबळ मूळ त्यांचेच शिवसैनिक. केस मुदतबाह्य म्हणून त्याच दिवशी संपली. ती अटक सूड होती की कायदा, यावर आमच्या बाररूममध्ये आजही दोन टेबलं आहेत.

कट्टर_नाशिककर | सोमवार, सकाळी ९.४०

धागा स्थानिक नगरसेवकावर होता ना? लगेच साहेबांवर घसरलात. वर्षानुवर्षं पोटात साठवून ठेवलेलं ओकायला निमित्तच पाहिजे तुम्हाला. हिंमत होती तर जिवंतपणी बोलायचं होतं.

येवलेकर | सोमवार, सकाळी ९.५५

जिवंतपणी बोललं तर हातपाय मोडायचे आणि मेल्यावर बोललं तर संस्कृती मोडते. मग बोलायचा मुहूर्त कुठला? पंचांग पाठवा.

तर्रीबाज | सोमवार, सकाळी १०.०१

पंचांग. +१. पाव संपले.

अबोली | सोमवार, दुपारी १.२०

माझा अनुभव वेगळ्या गावचा आहे, कंटाळा येत असेल तर पुढे जा.

२०१३ मध्ये मी शेफील्डला शिकत होते. ८ एप्रिलला मार्गारेट थॅचर वारल्या. माझा घरमालक जुना खाणकामगार, १९८४-८५ च्या संपात वर्षभर बिनपगारी बसलेला. त्यांच्याकडच्या कोळशाच्या खाणी नंतर एकेक करून बंद पडल्या. मला वाटलं, वयस्कर माणूस आहे, चार शब्द बरे बोलेल. त्याने बागेत खुर्ची टाकली आणि दिवसाउजेडी बिअर उघडली. तो एरवी सूर्य मावळल्याशिवाय घोट घेत नसे.

आणि शेजारची म्हातारी पडदे ओढून बसलेली. तिचं घर पूर्वी कौन्सिलचं, म्हणजे सरकारी भाड्याचं. थॅचरबाईंच्या १९८० च्या कायद्याने ती ते स्वस्तात विकत घेऊ शकली. घराण्यात कोणाच्या नावावर घर झालं ते पहिल्यांदाच. मधे एक कुंपण, कमरेएवढं. एकीकडे बिअर, दुसरीकडे दुखवटा. मी दोघांकडे चहा प्यायले. माझी अडचण कोणाला सांगणार?

१७ एप्रिलला लंडनला सेंट पॉलमध्ये लष्करी मानवंदनेसह अंत्यविधी, आणि आमच्यापासून फार लांब नाही त्या गोल्डथॉर्प गावात त्याच दिवशी खोटी शवपेटी काढून जाळली. 'चेटकीण मेली' अशा अर्थाचं एक जुनं सिनेमातलं गाणं लोकांनी विकत घेऊन घेऊन यादीत दुसऱ्या नंबरला नेलं. बीबीसीची पंचाईत झाली. त्यांनी पूर्ण न वाजवता बातमीत काही सेकंद ऐकवलं. आपल्याकडे अशा वेळी दोन्ही बाजू चिडतात, तिथेही चिडल्या.

पण मला आठवतं ते पार्लमेंट. श्रद्धांजलीसाठी खास बैठक, आणि त्यात ग्लेंडा जॅक्सन, पूर्वीच्या अभिनेत्री, मजूर पक्षाच्या खासदार, उभ्या राहून त्या कारकिर्दीने काय वाटोळं केलं याचा पाढा वाचू लागल्या. समोरून आरडाओरडा. एकाने नियमावर बोट ठेवलं. सभापतींनी सांगितलं, काहीही नियमबाह्य झालेलं नाही. आपल्या विधानसभेतला एक शोकप्रस्ताव असा आठवून बघा.

सरळरेषा | सोमवार, दुपारी १.४५

त्यांची संस्कृती त्यांना लखलाभ. शवपेट्या जाळणं आपल्यात बसत नाही.

जुनं_नाशिक | सोमवार, दुपारी ३.३०

बसत नाही? अठ्ठेचाळीसचं जळीत आजोबांकडून ऐकलं नाहीत का? गांधीजी गेले तेव्हा याच महाराष्ट्रात कुठे कुठे पेढे वाटल्याचं आजही सांगतात, आणि लगेच नंतर पुण्या-साताऱ्यापासून कोल्हापूरपर्यंत ज्यांचा काडीचा संबंध नव्हता अशा ब्राह्मणांची घरं जळाली. आणि त्याच गांधीजींच्या अस्थी आपल्या रामकुंडात आल्या, शेजारी गांधी तलाव आहे. इतकं सगळं एका मरणात. त्यामुळे 'आपल्यात बसत नाही' हे जरा जपून.

अजून एक जुनं सांगतो. २१ डिसेंबर १९०९, विजयानंद थिएटर. कलेक्टर जॅक्सनची मुंबईला बदली झाली होती, त्याच्या निरोपाला नाटक. संस्कृत जाणणारा, लोक पंडित जॅक्सन म्हणत. दुसऱ्या बाजूला बाबाराव सावरकरांना त्याच वर्षी काळ्या पाण्याची शिक्षा झालेली, त्याचा राग. अनंत कान्हेरेंनी तिथेच गोळ्या घातल्या. कान्हेरे आणि त्यांचे साथीदार कर्वे, देशपांडे, तिघांना १९ एप्रिल १९१० ला ठाण्याला फाशी. आज गोल्फ क्लबच्या ज्या मैदानावर आपण रणजी सामने बघतो, सकाळी पोट कमी करायला फेऱ्या मारतो, त्याला हुतात्मा अनंत कान्हेरेंचं नाव आहे आणि ते असायलाच हवं. पण त्या रात्री जॅक्सनसाठी हळहळलेलं एखादं घर सरकारवाड्याच्या आसपास असणारच. ते घर काय बोललं असेल? दार लावून बोललं असेल.

सातपूरकर | सोमवार, सायंकाळी ६.१२

तुमचा इतिहास चालू द्या. मी भाऊंच्या माणसांतला आहे. म्हणजे होतो. म्हणजे माझा मोठा भाऊ होता.

भाऊंसाठी एका राड्यात आत गेला. चौदा महिने. आईला सांगितलं होतं, वकील भाऊंचा, घरखर्च भाऊंचा. वकील दोन तारखांना आला. घरखर्चाचं पाकीट एका दिवाळीला आलं. माझा भाऊ सुटून आला तेव्हा कंपनीतली नोकरी गेली होती, लग्न मोडलं होतं. भेटायला गेला तर ऑफिसातल्या पोराने नाव विचारलं.

परवा तोच माझा भाऊ सकाळपासून अमरधाम स्मशानात पाणी वाटत होता. मी म्हटलं, तुला लाज कशी वाटत नाही? तर म्हणतो, "माझी जवानी त्याच्यासोबत गेली ना. मग पोचवायला कोण जाणार, तू?"

मला याच्यावर काही बोलता येत नाही. तुमच्यापैकी कोणाला येत असेल तर सांगा.

कट्टर_नाशिककर | सोमवार, सायंकाळी ६.४०

यालाच निष्ठा म्हणतात.

सातपूरकर | सोमवार, सायंकाळी ६.४१

तुम्ही गप्प बसा.

अ‍ॅडमिन | सोमवार, सायंकाळी ७.००

वैयक्तिक टिप्पणी नको. दोन प्रतिसाद उडवले आहेत, त्यात नाव होतं.

पाथर्डीफाटा | सोमवार, रात्री ८.१५

मी पहिल्यांदाच लिहितेय. आईचं डायलिसिस आठवड्यातून दोनदा. नवऱ्याची कंपनी बंद पडली तेव्हा सात महिने कोणी पैसे भरले? भाऊंनी. कार्ड छापलं नाही, फोटो काढला नाही. आई गेली तेव्हा रात्री अकराला येऊन बाहेर प्लास्टिकच्या खुर्चीवर बसून राहिले. वरचं सगळं वाचलं. खोटं म्हणत नाही. पण ते पैसे कुठून आले असतील हा विचार आज पहिल्यांदा मनात आला, आणि तुमच्या धाग्यामुळे आला, याचा मला राग आलाय.

पंचवटीचा_कावळा | सोमवार, रात्री ९.४७

आयडीवर जाऊ नका, आमचं घराणं गंगेवरचंच. (बाहेरच्यांसाठी: नाशिककर गोदावरीला गंगा म्हणतात. गंगेवर जाऊन आलो म्हणजे हरिद्वारला नाही.)

सरळरेषा, मरणान्तानि वैराणि हे तुम्ही म्हणालात. दहाव्याच्या भाषणात हे मी वर्षाला पन्नास वेळा ऐकतो. आपल्या भागातली दशक्रिया तुम्हाला माहीत आहे: आधी प्रवचन, मग माईकवर नावं पुकारून श्रद्धांजली, तोवर पिंडाशेजारी घरचे उन्हात बसलेले. पुढारी असेल तर आमदारांची गाडी येईपर्यंत कावळ्यालाही थांबवून धरायचे बाकी ठेवतात.

पण श्लोकाच्या आधी काय आहे ते कोणी सांगत नाही. रावण पडल्यावर राम बिभीषणाला म्हणतो, भावाचा संस्कार कर. बिभीषण काय म्हणतो? नाही करणार. हा अधर्मी, क्रूर, परस्त्री पळवणारा. वडील भाऊ असला तरी पूजेच्या लायकीचा नाही. सख्खा भाऊ, प्रेत समोर, आणि हे बोलतो. राम त्याला तोंड बंद कर म्हणत नाही. ऐकून घेतो. मग म्हणतो, वैर मरणाबरोबर संपलं, आपलं काम झालं, आता संस्कार कर, तो जसा तुझा तसा माझाही.

आता दोन गोष्टी बघा. एक, संस्कार कर म्हणाला, स्तुती कर नाही म्हणाला. चौकात फलक लाव तर अजिबातच नाही. दुसरी, हे म्हणणारा कोण? ज्याची बायको पळवली तो. वैर संपलं हे त्यानेच म्हणायचं असतं. ज्याचं काहीच गेलेलं नाही त्याने दुसऱ्याच्या वतीने वैर संपवून टाकायचं, हे रामायणात नाही. ते व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर आहे.

सरळरेषा | सोमवार, रात्री १०.२०

बिभीषणाचं माहीत नव्हतं. वाचून बघतो. तरी माझ्या घरात कोणी गेलं आणि कोणी 'सुटलो' म्हटलं, तर मला सहन होणार नाही. हेही खरं आहे.

पंचवटीचा_कावळा | सोमवार, रात्री १०.२६

तुमच्या घरात, बरोबर. भाऊंच्या बायकोपोरांसमोर काकांनी म्हटलं असतं तर मीच त्यांना धरून बाहेर नेलं असतं.

निफाडचा_थंडगार | सोमवार, रात्री १०.४०

धागाकर्ते, एक पळवाट सुचतेय. आजारी माणूस गेला की आपण म्हणतोच, 'सुटले बिचारे'. भाऊ चार महिने अंथरुणाला होते ना? मंडळाच्या पोरांना सांगा, काकांना 'सुटले' लिहायचं होतं, एक काना जास्त पडला. म्हाताऱ्या माणसाचं बोट.

तर्रीबाज | सोमवार, रात्री १०.४४

एका कान्यावर माणूस वाचतो. मराठी अभिजात आहेच.

गोदाकाठचा | मंगळवार, रात्री ११.०८

सगळ्यांचे प्रतिसाद वाचले. अबोली, तुमचा आधी ऐकायला हवा होता. आज गेलो वर.

वर जायच्या आधी निफाडकरांची युक्ती मंडळाच्या मुलाला सांगूनही झाली होती. तो हसला. "दादा, काना-मात्रा मलापण कळते. पण ठीके. मी पोरांना तेच सांगतो." म्हणजे प्रकरण मिटलं. मी खुशीत काकांची बेल वाजवली.

काकांनी चहा केला, साखर विसरले. मी युक्ती सांगितली. ते एकदम ताठ बसले. "कोणी सांगितलं तुला? मला 'सुटलो'च लिहायचं होतं. चष्मा लावून लिहिलंय."

मग हळूहळू बोलले. अंबड एमआयडीसीत पावडर कोटिंगचं छोटं युनिट होतं, चार कामगार. महिन्याला पाकीट मागायला पोरं यायची. दोन वर्षं दिलं. तिसऱ्या वर्षी नाही म्हणाले, तर गाडीतून माल उतरू देईनात. काकूंच्या पाटल्या गेल्या, मग युनिट गेलं, ज्याने घेतलं तो भाऊंचा मेहुणा. त्यानंतर काका वीस वर्षं दुसऱ्याच्या कंपनीत सुपरवायझर. काकू जाईपर्यंत पाटल्यांचा विषय घरात निघाला नाही. "भाऊंनी मला कधी तू म्हटलं नाही हो," काका म्हणाले, "नेहमी 'काका' म्हणायचे. तिसऱ्या वर्षीसुद्धा."

मी विचारलं, दोन दिवस दिसला नाहीत? तर म्हणाले, शनिवारी अमरधामला गेलो होतो, त्यानंतर कणकण होती. मी बघतच राहिलो. "तुम्ही गेला होता? कशाला?"

"खात्री करायला," म्हणाले. थोड्या वेळाने म्हणाले, "मागे उभा होतो. अग्नी दिला तेव्हा हात जोडले गेले. मी नाही जोडले, जोडले गेले. 'सुटलो' लिहिलं त्याचं काही नाही रे, त्या हातांचाच राग येतोय."

माझ्याकडे यावर शब्द नव्हते. बिनसाखरेचा चहा संपवला. निघताना माफी मागितली आणि विचारलं, ग्रुपमध्ये परत घेऊ का?

"नको," म्हणाले. "सकाळी सहापासूनचे ते गुड मॉर्निंगचे फुलांचे फोटो बंद झालेत. सुटलो."

तर्रीबाज | मंगळवार, रात्री ११.१५

काकांना मिसळ माझ्याकडून. पत्ता व्यनि (खाजगी निरोप) करा.

सातपूरकर | मंगळवार, रात्री ११.३२

हात जोडले गेले हे भावाला वाचून दाखवलं. काही बोलला नाही. गॅलरीत जाऊन उभा आहे.

निफाडचा_थंडगार | बुधवार, सकाळी ८.०५

माझी युक्ती वाया गेली तर. असो. एक अवांतर: त्या चौकातले श्रद्धांजलीचे फ्लेक्स उतरवले का? डावीकडून येणारी बस दिसत नाही, काल थोडक्यात वाचलो.

गोदाकाठचा | बुधवार, सकाळी ८.४०

नाही. त्याच बांबूंवर आता पुतण्याच्या वाढदिवसाचा लागलाय. भाऊंचा फोटो वर कोपऱ्यात, जरा लहान.